भांडी धुणाऱ्या यंत्राचा गोंगाट व त्याचा बंदोबस्त

घरात यंत्र आले की त्याच्या पाठोपाठ त्याचा आवाजही येतो. जात्याच्या घरघरीला एके काळी ओवीची सोबत असे. आमच्या गोव्याकडील रगड्याच्या आवाजालाही एक लय असे आणि त्या लयीत घरातील मुले सुखाने झोपी जात. विजेच्या यंत्रांचे तसे नाही. त्यांचा आवाज कोणाच्या हाताबरोबर मंद वा जलद होत नाही. तो एकसुरी चालू राहतो आणि म्हणूनच कानास अधिक बोचतो. आमच्या घरच्या कोंकणीत अशा आवाजाला 'बोवाळ' म्हणतात. या लेखात आम्ही अशाच एका बोवाळाचा, म्हणजे भांडी धुणाऱ्या जुन्या यंत्राच्या गोंगाटाचा, विचार करणार आहोत. विषय स्वयंपाकघरातील असला तरी त्याची उत्तरे पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकात सापडतात, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिमित्रांना रुचेल अशी आशा आहे.

हे यंत्र, ज्याला सर्वत्र डिशवॉशर या नावाने ओळखतात, वाटते तितके नवे नाही. अमेरिकेत जोएल हॉटन याने १८५० साली हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडविणाऱ्या लाकडी यंत्राचे एकस्व मिळविले होते. पण ते फारसे उपयोगी ठरले नाही. खरे उपयोगी यंत्र इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी सिद्ध केले. त्यांच्या चिनी मातीच्या उंची बश्यांचे टवके उडत, याचा त्यांना संताप होता. बश्या तारेच्या कप्प्यांत घट्ट बसवायच्या आणि दाबाने सोडलेल्या पाण्याने त्या धुवायच्या, ही त्यांची कल्पना. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना एकस्व मिळाले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे वाखाणली गेली. त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः उपाहारगृहे व हॉटेले. तेथे आवाजाची पर्वा कोण करतो? घरगुती स्वयंपाकघरात हे यंत्र पुष्कळ उशिरा शिरले आणि तेथे शिरल्यावरच त्याच्या आवाजाचा प्रश्न उभा राहिला.

आपल्याकडे तर ते अलीकडचेच. आखातातून वा परदेशातून परतलेल्या कुटुंबांनी आणलेली, किंवा दहापंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली यंत्रे आज आपल्या गावांतून जुनी होऊ लागली आहेत. आमच्या घरी हे यंत्र हौसेने आले नाही. मातोश्रींच्या बोटांच्या सांध्यांना संधिवाताने ग्रासले आणि थंड पाण्यात हात घालणे त्यांना अशक्य झाले, तेव्हा एका आप्ताकडील वापरलेले यंत्र आम्ही घेतले. यंत्राने त्यांचे हात वाचविले. पण रात्रीची झोप हिरावली. भिंतीपलीकडच्या खोलीत दहावीच्या परीक्षेची तयारी करणारी आमची पुतणी कानांत कापूस घालून बसू लागली. दुरुस्तीस आलेल्या एका कारागिराने, "हे मोडीत काढा, नवे घ्या," असा सल्ला दिला. शिक्षकाच्या पगारात असे सल्ले सहजी पाळता येत नाहीत. शिवाय यंत्र काम उत्तम करीत होते; दोष होता तो केवळ आवाजाचा. तेव्हा आवाज म्हणजे काय, तो कोठून निघतो आणि कोणत्या वाटेने येतो, याचा शोध घेणे प्राप्त झाले.

प्रथम मापाविषयी थोडेसे. आवाजाची पातळी डेसिबल या एककात सांगतात. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ते नाव पडले. हे माप साध्या बेरजेचे नव्हे, गुणाकाराचे आहे. पातळी १० डेसिबलांनी वाढली म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते. कानाला मात्र तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. जुन्या यंत्रांचा आकडा ६० डेसिबलांच्या आसपास असे. आजची चांगली यंत्रे ४४ किंवा त्याहूनही कमी डेसिबलांची असतात. फरक १६ डेसिबलांचा. कागदावर तो क्षुल्लक दिसतो. पण हिशेब केला तर जुने यंत्र नव्याच्या सुमारे ४० पट ध्वनिशक्ती बाहेर टाकते असे निघते, आणि कानाला ते सुमारे तिपटीने मोठे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत झोपण्याच्या खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलांपेक्षा अधिक नसावा व वर्गात शिकविणे चालू असता बाहेरून येणारा आवाज ३५ च्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. भिंतीपलीकडे अभ्यास करणाऱ्या मुलीची तक्रार नाजूकपणाची नव्हती, हे यावरून ध्यानात येईल.

आता या यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. प्रथम झडप उघडून पाणी आत येते. मग एक पंप ते पाणी खालच्या खळग्यातून उचलून फिरत्या नळ्यांतून भांड्यांवर जोराने मारतो. तेच पाणी पुनःपुन्हा फिरविले जाते. मधून मधून विजेची कांडी ते तापविते. काम झाले की दुसरा लहान पंप घाण पाणी बाहेर टाकतो. अशी भरणी, धुणी व उपसा यांची आवर्तने झाल्यावर भांडी सुकतात. यांतील प्रत्येक टप्प्याचा आवाज वेगळा. पाणी भरताना सूंऽ असा सूर आणि शेवटी एक 'ठक्', धुताना गुणगुण आणि पाण्याचे फटकारे, उपसताना गुरगुर. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी एक संपूर्ण आवर्तन कागद-पेन्सिल घेऊन नुसते ऐकावे, असा आमचा आग्रह आहे. कोणत्या मिनिटाला कोणता आवाज आला, हे लिहून ठेवावे. वैद्य नाडी न पाहता काढा देत नाही.

ऐकण्यासाठी एक सोपे साधन सांगतो. हातभर लांबीची कोरडी लाकडी काठी घ्यावी; तिचे एक टोक यंत्राच्या बाहेरच्या पत्र्यावर ठेवावे व दुसरे कानाच्या पुढल्या हाडावर टेकवावे. फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६ साली कागदाच्या गुंडाळीतून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले व पुढे लाकडी नळी वापरली; त्याच जातीची ही युक्ती. काठी सरकवीत गेले की आवाजाचे उगमस्थान बरेचसे कळते. दुसरी परीक्षा तळहाताची. यंत्र चालू असता दारावर, बाजूच्या पत्र्यांवर तळहात घट्ट दाबावा. दाबताच आवाज मंदावला तर तो पत्रा स्वतःच वाजतो आहे असे समजावे.

पुष्कळदा असे आढळते की अर्धाअधिक गोंगाट यंत्राचा नसून भांडी रचण्याचा असतो. हे यंत्र मुळात चिनी मातीच्या सपाट बश्यांसाठी जन्मलेले. आपल्या घरी असतात स्टीलची ताटे, वाट्या, फुलपात्री. वाटी हलकी, खालून पाण्याचा मारा बसला की ती उडते, शेजारच्या वाटीवर आपटते आणि घंटेसारखी वाजते. उंच ताट फिरत्या नळीच्या वाटेत आले तर प्रत्येक फेऱ्याला 'टक' असा ठोका पडतो. वाट्या तिरप्या, एकमेकींना न लागतील अशा खोचाव्यात, हलक्या वस्तू वरच्या कप्प्यात दाबून बसवाव्यात, आणि दार लावण्यापूर्वी दोन्ही नळ्या हाताने एकदा गरकन फिरवून पाहाव्यात. याला पैसाही लागत नाही.

त्यानंतर गाळणी. आम्ही पडलो मासे खाणारे लोक. माशाचा काटा, तिसऱ्यांच्या शिंपल्याचा तुकडा, चिंचोका, लिंबाची बी, फुटलेल्या पेल्याची कपची अशा गोष्टी गाळणीतून निसटून उपसा करणाऱ्या पंपाच्या पंख्यात अडकतात आणि मग उपशाच्या वेळी खडखड सुरू होते. यंत्राची पिन काढून, नळ बंद करून, गाळणी उचलावी, उरलेले पाणी स्पंजाने टिपून घ्यावे व पंख्यावरील झाकण काढून आत पाहावे. हातात जाड मोजा असावा; काचेची कपची डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला सापडते.

भरणीच्या शेवटी होणाऱ्या 'ठक्' या आवाजाचे कारण मनोरंजक आहे. नळीतून वाहणारे पाणी ही एक चालती रांग आहे. झडप एकदम मिटली म्हणजे पुढचे पाणी थांबते, मागचे त्यावर येऊन आदळते आणि दाबाची एक लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने मागे धावते. धातूच्या नळीत सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी असे अकस्मात थांबले तर दाब क्षणभर वातावरणाच्या दाबाच्या १२-१४ पट वाढू शकतो. भिंतीवर सैल बसविलेली नळी त्या धक्क्याने भिंतीवर आपटते. उपाय दोन: यंत्राच्या मागचा नळ किंचित आवळून पाण्याचा वेग कमी करावा, आणि नळीला रबराचा तुकडा घालून पट्टीने भिंतीशी जखडावे. नळ फार आवळला तर यंत्राला पाणी पुरत नाही व ते कुरकुरून थांबते, म्हणून पाव फेराच पुरे.

मात्र धुण्याच्या वेळी येणारा आवाज किंचाळीसारखा असेल आणि महिन्यागणिक वाढत असेल, तर पंपाच्या मोटारीचे बेअरिंग झिजले आहे असे समजावे. आसाशी बसविलेले रबरी सील गळू लागले की पाणी बेअरिंगपर्यंत पोचते व ते गंजते. समुद्राच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. अशा यंत्राला बाहेरून कितीही गोधड्या पांघरल्या तरी व्यर्थ. तेथे जाणत्या कारागिराकडून भाग बदलून घेणे हाच मार्ग.

उगमस्थाने अशी तपासल्यावर जो आवाज उरतो, तो यंत्राचा स्वाभाविक आवाज होय. तो आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो: एक हवेतून, दुसरी घन पदार्थांतून, म्हणजे यंत्राचे पाय, फरशी, ओटा व भिंत यांतून. पुष्कळ लोक पहिलीच वाट जाणतात आणि तिच्यावरच पैसे खर्च करतात. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. मोबाइल फोन मूक ठेवून नुसता थरथरण्याच्या स्थितीत ठेवावा आणि रिकाम्या स्टीलच्या डब्यावर ठेवून त्याला कोणाकडून तरी फोन करवावा. सारा डबा घुमतो. मग तोच फोन चार घड्या घातलेल्या पंचावर ठेवून पंचा डब्यावर ठेवावा. फोनची थरथर तेवढीच आहे, हवाही तीच आहे. पण आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कारण डब्याकडे जाणारी वाट पंचाने अडविली. आमच्या ओट्याची रचना पाहा: चिऱ्यांच्या दोन आडव्या भिंती, वर कडाप्पाची लांबरुंद फरशी, आणि खाली पोकळ कोनाडा. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा जे करतो, तेच हा कोनाडा यंत्राला करतो. यंत्राचा माथा त्या फरशीला टेकलेला होता आणि त्याची सांडपाण्याची नळी भिंतीच्या भोकात घट्ट अडकली होती. यंत्र दोन बोटे पुढे ओढून, नळीभोवती मऊ रबर गुंडाळताच पलीकडील खोलीतला घुमारा स्पष्टपणे उतरला.

पायांखाली रबर घालावे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु कोणते व किती, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण येथे अज्ञानाने आवाज वाढूही शकतो. यंत्र रबरावर ठेवले म्हणजे ते स्प्रिंगवरच्या वजनासारखे होते आणि त्याला स्वतःचा असा एक झोका मिळतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो वाढत जातो. लयीपेक्षा पुष्कळ जलद धक्के दिले तर तो जवळजवळ हलतच नाही. जुन्या यंत्राची साधी मोटार मिनिटाला सुमारे २८०० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ फेरे घेते. रबर यंत्राच्या वजनाखाली १ मिलिमीटर दबले तर त्या जोडीची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १६ येते. ४७ हे १६ च्या जवळजवळ तिप्पट. अशा स्थितीत फरशीला सुमारे सातवा-आठवा भाग एवढेच कंपन पोचते. पण रबर कठीण असून केवळ १/१० मिलिमीटर दबले तर स्वाभाविक कंपनसंख्या होते ५०. मोटारीची ४७ आणि झोक्याची ५०! म्हणजे आपण नेमके झोपाळ्याच्या लयीत धक्के देऊ लागलो. अशा रबरापेक्षा उघडी फरशी बरी.

यावरून दोन गोष्टी निघतात. यंत्राचे वजन ५० किलो धरले तर प्रत्येक पायावर साडेबारा किलो येतात. एवढ्याने दिसण्याइतके दबेल असे मऊ व जाड, पण लहान आकाराचे तुकडे पायांखाली घालावेत. यंत्राखाली अखंड मोठी चटई पसरली तर वजन विभागून ती दबतच नाही. दुसरे असे की पाय घालून झाल्यावर पाणसळ ठेवून यंत्र समतल आहे ना ते पाहावे आणि पायांचे स्क्रू फिरवून चारही पायांवर भार सारखा घ्यावा. तीन पायांवर उभे असलेले यंत्र डुगडुगते व त्याचे दार थडथडते.

आता हवेतून येणाऱ्या आवाजाकडे वळू. येथे तीन निरनिराळी कामे आहेत: पत्र्याचे वाजणे थांबविणे, आवाज अडविणे आणि आवाज शोषणे. बाजारात या तिन्हींना सरसकट 'साउंडप्रूफिंग' म्हणतात व एकाच्या जागी दुसरे विकतात.

देवळातील घंटेचा टोल दिल्यावर तिला हात लावला की नाद तत्काळ बंद होतो. हात काही जड नाही. पण तो कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरवितो. धुण्याच्या पात्राच्या पातळ पोलादी पत्र्यावर कारखानदार जो डांबरी थर चिकटवितात, तो हे हाताचे काम करतो. जुन्या यंत्रात तो उष्णतेने सुकून, तडकून गळून पडलेला असतो. आमच्या यंत्राच्या बाजूचे पत्रे काढले तेव्हा अर्धा थर तळाशी वाळक्या सालींप्रमाणे पडला होता. मोटारीच्या दारांना आतून लावतात तसले, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले चिकट रबरी तक्ते यासाठी उत्तम. पत्रा वाकू लागला की पापुद्रा त्याच्या बरोबर वाकत नाही; मधला चिकट थर ओढला जातो, आणि त्या ओढाताणीत कंपन जिरते. सारे पात्र मढविण्याची गरज नाही. पत्र्याचा मधला भाग अधिक थरथरतो. तेथे लावले की बहुतेक काम होते. पृष्ठभाग मात्र तेलकट व ओलसर नसावा, आणि तक्ता यंत्राच्या उष्णतेला टिकणारा आहे हे विकत घेतानाच विचारावे. छपरावर घालण्याचे स्वस्त डांबर येथे चालणार नाही. ते तापल्यावर वास सुटतो व ते ओघळते.

आवाज अडविण्याचा नियम सोपा आहे: जड ते अडविते. अडसराचे वजन दुप्पट केले की अडलेल्या आवाजात सुमारे ६ डेसिबलांची भर पडते. हलका थर्माकोल कितीही जाड लावला तरी आवाज अडत नाही, तो याच कारणाने. पात्र व बाहेरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत जड रबराचा वा व्हिनिलचा तक्ता सोडता आला तर हे काम साधते. पण या नियमाला एक मोठा वैरी आहे. तो म्हणजे फट. समजा यंत्राची दर्शनी बाजू ६० सेंटिमीटर रुंद व ८० सेंटिमीटर उंच आहे. क्षेत्रफळ ४८०० चौरस सेंटिमीटर. तिच्या पायथ्याशी ६० सेंटिमीटर लांब व अवघी ८ मिलिमीटर रुंद अशी फट राहिली, तर ती ४८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे शेकडा एकच भाग झाली. पण त्या एका भागातून आवाज अडथळ्याविना जातो, आणि उरलेले नव्याण्णव भाग शिशाचे असले तरी एकूण अडवणूक २० डेसिबलांच्या पलीकडे जात नाही. कोरडी आकडेमोड विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. ती फार बोलकी आहे. जुन्या यंत्रांत मोटार तळाशी असते आणि पायथ्याची पट्टी बहुधा हरवलेली किंवा वाकलेली असते! ती पट्टी नीट बसविणे, तिच्या कडेला रबराची लवचीक झालर लावणे आणि ओटा व यंत्र यांमधील बाजूच्या फटी मऊ पट्टीने भरणे, एवढ्याने जो फरक पडतो तो शेकडो रुपयांच्या तक्त्यांनी पडत नाही. हवा खेळती राहावी म्हणून माहितीपुस्तिकेत जी भोके मोकळी ठेवण्यास सांगितले असेल ती मात्र बुजवू नयेत.

राहिले शोषण. याची कथा १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाली. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द इतके घुमत की काही कळेना. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपविण्यात आले. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. एकेक वाढवीत, ऑर्गनच्या नळीचा सूर थांबल्यावर घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजले आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. गादी आवाज अडवीत नाही, पण परावर्तन कमी करून खोलीतला घुमारा घटविते. यंत्राभोवतीच्या कोनाड्यातही असाच घुमारा असतो. तेथे काचलोकर वा नमदा लावता येतो. परंतु आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी जाडी असेल तेव्हाच तो पूर्ण काम करतो. सेकंदाला १००० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर जाडी हवी. मोटारीच्या १०० कंपनांच्या गुणगुणीसाठी ८५ सेंटिमीटर! दोन सेंटिमीटरचा फोम पाण्याची सळसळ थोडी मंद करतो. गुणगुण त्यातून हसत निघून जाते. काही घरांत अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रे भिंतीला लावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांनी झुरळांची सोय होते, याहून अधिक त्यांविषयी लिहिण्यासारखे नाही.

आमच्या हवेचा विचार येथे अवश्य करावा. चार महिने पाऊस व बारा महिने दमट वारा. कापूस, काथ्या, जुनी गोधडी ही घरात सहज मिळणारी द्रव्ये ओल धरतात, त्यांना बुरशी येते. शिवाय ती पेट घेतात. विजेच्या तापत्या कांडीजवळ व मोटारीजवळ अशी कोणतीही वस्तू ठेवू नये. काचलोकर जळत नाही, पण तिचे तंतू कातडीत व श्वासात जातात; ती हातमोजे व मुखपट्टी घालूनच हाताळावी आणि पातळ कापडी पिशवीत शिवून मगच बसवावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे विजेविषयीची सावधगिरी. पत्रे काढण्यापूर्वी पिन काढलेली असावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मोटारीला जोडलेल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही काही काळ वीज साठून राहते, म्हणून त्याला हात लावू नये. पत्र्याला जोडलेली अर्थिंगची तार सुटली असेल तर ती पुन्हा जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये. पत्र्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. ही कामे विद्यार्थ्यांनी एकट्याने करावयाची नव्हेत. त्यांनी आकडे मांडावेत, पाणसळ धरावी, स्क्रू वाटीत सांभाळावेत. तळाशी पाणी साचल्यास यंत्र थांबविणारा एक तरंगता गोळा बऱ्याच यंत्रांत असतो. नमद्याचा तुकडा त्याच्या वाटेत येणार नाही, हेही पाहावे. आणि आवाज कमी झाला म्हणून यंत्र चालू ठेवून सर्वांनी झोपी जावे, हेही आम्हांस मान्य नाही. पाणी व वीज एकत्र असलेले जुने यंत्र कोणीतरी जागे असतानाच चालावे. आम्ही ते आता रात्रीच्या जेवणानंतर लगेच लावतो व दहाच्या सुमारास ते संपते.

कोणत्या उपायाने किती गुण आला, हे पाहावयाचे असेल तर एका वेळी एकच बदल करावा. मोबाइलमधील ध्वनिमापकाचा आकडा शास्त्रशुद्ध नसतो, पण फोन दर वेळी त्याच जागी ठेवून, त्याच टप्प्यात, पंखा बंद करून घेतलेले दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यास तो पुरेसा आहे. यंत्रावर कारखानदाराने लिहिलेल्या आकड्याशी मात्र त्याची तुलना करू नये; तो आकडा यंत्राच्या एकूण ध्वनिशक्तीचा असतो, आपल्या उशीपाशी पोचणाऱ्या आवाजाचा नव्हे.

हे सारे करूनही जुने यंत्र नव्यासारखे मूक होत नाही. नव्या यंत्रांतील मोटारच वेगळ्या जातीची असते; तिची गती हळूहळू चढते व उतरते, आणि पाण्याचा माराही सौम्य असतो. आमच्या यंत्राची गुणगुण स्वयंपाकघरात आजही ऐकू येते. भिंतीपलीकडे मात्र ती शब्द ओळखू न येणाऱ्या दूरच्या बोलण्यासारखी झाली आहे. पुतणीने कापसाचे बोळे टाकून दिले, आणि मातोश्री यंत्र संपण्याआधीच झोपी जातात.

सर्व जोडणी झाल्यावर पहिले आठ दिवस यंत्राच्या तळाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे व रोज सकाळी ते ओढून पाहावे. पत्रे काढताना-घालताना एखादी नळी सैल झाली असेल तर कागदावर ओला डाग दिसतो. डाग नळीच्या बाजूला असेल तर पट्टी आवळावी. मोटारीच्या खाली असेल तर यंत्र बंद करून कारागिरास बोलवावे.